वाटीतले चौदा

माझी आई आक्काताई हिचा तळहात पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही. तासगावच्या बेदाणा शेडवर तिनं छत्तीस वर्षं माल निवडला. पिवळा एकीकडे, हिरवा एकीकडे, काळपट तिसरीकडे, काडी-कचरा पायाशी. उजव्या हाताची दोन बोटं कायम चिकट आणि डाव्या तळहाताच्या मधोमध एक गुळगुळीत झालेली जागा. ज्या दाण्याचा संशय यायचा तो ती त्या जागेवर ठेवायची, उजेडाकडे वळायची आणि मगच तो कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवायची.

शेडवर नवीन बाई आली की आई तिला एवढंच शिकवायची. "ढिगात बघून रंग ठरवू नगंस. हिरव्यात पडल्याला हिरवाच दिसतोय, काळ्यात पडल्याला काळाच. एकटा उचल, हातावर घे, मग बघ."

एवढं करूनही जो दाणा कुठंच बसायचा नाही, तो ती टाकत नसे. तिच्या पाटाशेजारी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक वाटी असायची, तिच्यात तो जायचा. ऊन उतरताना वाटी पुन्हा एकदा पाहायची. मुकादम वैतागायचा. चार दाण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, म्हणायचा. आई मान वर न करता सांगायची, "आपल्याला कळंना म्हणून टाकून द्यायचं व्हय? त्येचं त्येला म्हाईत असंल त्यो कुठला ते."

हट्टी तर इतकी की विचारू नका. माझे वडील, नानासो, एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, खंबाटकी घाटाची वळणं परवडली, पण तुझ्या आईचं मन वळवणं नको. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तासगावच्या घरात आई एकटी आणि सांगलीच्या भाड्याच्या खोलीत मी. शनिवारी-रविवारी मी तिच्याकडे जायची.

मी एकुलती एक. एसटीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, मुलं किती? आई सांगायची, "एकच. लेक हाय." पण सांगण्याआधी थोडी थांबायची. आपण मनातल्या मनात काही मोजतो तेव्हा जेवढं थांबतो, तेवढंच. ते थांबणं मी लहानपणापासून ऐकत आले. मुलगा झाला नाही याची तिला लाज वाटते, असं मी धरून चालले होते, आणि त्याचा मला मनापासून राग होता.

गेल्या श्रावणात सांगलीच्या एका दवाखान्यात तिच्या गळ्यातल्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. ग्रंथीची उजवी बाजू काढली. काढलेल्या तुकड्यातला थोडा भाग संशोधनाला देता का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. आईनं सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. तो नमुना जाणार होता पुण्याच्या प्रयोगशाळेत, आणि त्याच प्रयोगशाळेचं कॉम्प्युटरवरचं काम मी सांगलीत बसून करते. नमुन्यांना नावं नसतात, नुसते नंबर असतात. कागदाच्या कोपऱ्यात एकतीस लिहिलं होतं. नियमानं मी तो आकडा विसरायला हवा होता. मी विसरले नाही.

घरी आल्यावर आठव्या दिवशी आई दुपारची उंबऱ्यात बसली होती. गळ्याला पट्टी. पावसानं उघडीप दिली होती, ऊन कडक होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एकदम मला म्हणाली, "मयू, घरात कोण कमी हाय गं?"

"कोण कमी असणार? आपण दोघीच तर आहोत."

"व्हय," ती म्हणाली. "तरीबी कमी वाटतंय."

त्या दिवसापासून जेवायला बसताना ती पाण्याची तीन फुलपात्रं भरायला लागली. एक तिचं, एक माझं आणि एक दाराच्या बाजूला, जिथं कुणीच बसलेलं नसायचं. मी विचारलं, बाबांसाठी का? तर म्हणाली, "तुज्या बाबांचं न्हाई. त्येंचं सगळं रीतसर झालंय." जेवण झालं की ते तिसरं पाणी ती परसातल्या शेवग्याच्या बुडात ओतायची. त्या शेवग्याच्या शेंगा आमच्या घरात कधी शिजल्या नाहीत, झाडावरच वाळून पडायच्या. वाऱ्यानं तो दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा आईनं त्याचीच फांदी त्याच जागी लावली. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं, पुढे सवय झाली.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू केल्यात, मन थाऱ्यावर येईल. मग तपासणीचा अहवाल आला. गाठ चांगली नव्हती. डावी बाजूही काढावी लागेल, घाई नाही पण टाळू नका, असं त्यांनी सांगितलं. आईनं टाळलं. आधी दसरा झाला, मग दिवाळी, मग शेडचा हंगाम. कारण विचारलं की गळ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "डावी बाजू ऱ्हाऊ दे माज्यापाशी." फेब्रुवारीत तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी पुन्हा गळ्याची सोनोग्राफी केली, आणि या वेळी ते खुर्चीत टेकून बसले नाहीत. महिन्याच्या आत काढायची, नाहीतर पुढचं मी सांगू शकत नाही, म्हणाले. आईनं नंदीबैलासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "मी न्हाई येणार." त्या दिवशी मी तिच्याशी अशी भांडले की दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली.

नेमका त्याच आठवड्यात एकतीस नंबरचा नमुना माझ्याकडे आला.

माझं काम काय, ते सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत दोन मीटर लांबीचा धागा असतो, डीएनएचा. तो इतक्या लहान जागेत घड्या घालून कोंबलेला असतो की त्याची लांबची टोकंही एकमेकांना चिकटतात. कुठला भाग कुठल्या भागाला चिकटलाय याची यादी केली की त्या पेशीच्या घडीचा नकाशा मिळतो. गळ्याची पेशी एका तऱ्हेनं घडी घालते, रक्ताची दुसऱ्या. अडचण अशी की एकेकटी पेशी घेतली तर लाखातले थोडेच स्पर्श हाती लागतात. नकाशाचं पान जवळजवळ कोरं असतं. म्हणून मग आम्ही कोऱ्या जागा त्या पेशीसारख्याच दिसणाऱ्या इतर पेशींवरून भरून घेतो. शेजारणीकडे आहे, म्हणजे हिच्याकडेही असणार. पानं भरली की सारख्या पेशींचे गट आपोआप वेगळे पडतात. तीन हजार पेशींचे सात-आठ ढीग करणं, एवढंच माझं काम. आई बेदाणा निवडते, मी पेशी निवडते, असं मी लोकांना गमतीनं सांगायची.

एकतीसमधल्या चौदा पेशी कुठंच बसेनात. काम पुन्हा चालवलं की चौदाही उठून दुसऱ्याच गटाला जाऊन चिकटायच्या. तिसऱ्यांदा चालवलं, तर तिसऱ्याच. आणि जायच्या त्या नेहमी चौदाही एकत्र.

पुण्याचा अनीश माझा वरिष्ठ. उंटावरून शेळ्या हाकणारा, पण माणूस वाईट नाही. तो व्हिडिओवर म्हणाला, "मयूरी, कचरा आहे तो. काढून टाक आणि पुढे चल."

मी काढणारच होते. हात बटणावर होता. आणि मला जर्मनची वाटी दिसली, तिच्यातले ते कुठंच न बसणारे दाणे दिसले. ढिगात बघून रंग ठरवू नगंस. मी तर नेमकं तेच केलं होतं. शेजारणींचा रंग या चौदांना लावला होता आणि मग त्या ओळखू येत नाहीत म्हणून चिडत होते.

मी भरलेलं सगळं पुसलं. उसनं काही नको, जेवढं तिचं स्वतःचं तेवढंच. कोरी पानं एकेक करून समोर घेतली. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर विश्रामबागेच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत जात होता.

बाईच्या पेशीत एक्स हा धागा, म्हणजे एक्स गुणसूत्र, दोनदा असतो, आणि त्यातला एक आवळून गुंडाळून बाजूला ठेवलेला असतो. बाकीच्या तीन हजारांत तो होता. या चौदांत नव्हता. मी न राहवून वाय धाग्याची यादी उघडली. नमुना बाईचा असल्यामुळे ती आम्ही सुरुवातीलाच गाळून टाकलेली असते, कारण तिथं काही सापडायचा प्रश्नच नसतो. चौदाही पेशींमध्ये त्याचे तुकडे होते. थोडेच, पण चौदाही जणींत.

माझ्या आईच्या गळ्यात चौदा पेशी पुरुषाच्या होत्या.

खोटं कशाला सांगू, मी खुर्ची मागे सारून भिंतीला जाऊन टेकले. भरदुपारी मला त्या खोलीत एकटीला बसवेना.

मी अनीशला फोन केला आणि एकतीस नंबर कुणाचा तेही कबूल केलं. त्यानं आधी नमुन्याची नोंद उघडून पाहिली. मग म्हणाला, "प्रयोगशाळेतल्या कुणा पुरुषाचं काहीतरी मिसळलं असेल."

"मी पडताळलं. परक्या पुरुषाचं असतं तर आईशी असं जुळलं नसतं. चौदांचं एकत्र करून पाहिलं, प्रत्येक ठिकाणी अर्धं तिचं आहे."

अर्धं आईचं, म्हणजे मूल. पोटातल्या बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तीसतीस-चाळीसचाळीस वर्षं तिच्या अंगात राहतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या तिथल्या कामालाही लागतात. या चौदांची घडी बाकी सगळी गळ्याच्या पेशीचीच होती. कोणीतरी माझ्या आईच्या आत वाढलं होतं, शिकलं होतं, नोकरीला लागलं होतं. वाढलं होतं, पण फक्त गळा म्हणून.

"तिला सांगू नकोस," अनीश म्हणाला. "नियमातही बसत नाही, आणि ऑपरेशन जवळ आलंय."

शनिवारी मी तासगावला गेले, पण घरी गेले नाही. थेट शेडवर गेले. आईच्या शेजारच्या पाटावर तीस-पस्तीस वर्षं रहिमतबी बसते. आईची जिवाभावाची मैत्रीण, माझी रहिमतचाची. आई त्या दिवशी आली नव्हती, आवाज फुटत नव्हता म्हणून. मी चाचीशेजारी टेकले आणि हळूच विचारलं, "चाची, माझ्याआधी आईला मुलगा झाला होता ना?"

तिचा निवडता हात थांबला. "कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आईच्या गळ्यात सापडला."

चाचीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही मला वेडी ठरवते. पण तिनं काहीच विचारलं नाही. ओढणीनं हात पुसले आणि शेडच्या मागच्या बाजूला बोट केलं, जिथं द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांचे मजले उभे असतात.

"तितं, जाळ्यांच्या आडोशाला. तुज्या आदी चार वरसं. सातवा म्हयना हुता तिला. दुपारचा उन्हाचा तडाका, गाडी मिळंस्तवर झालंबी. रडला न्हाई त्यो. डोळं मातर उगडलं, माज्याकडं बगितलं, आन मिटलं. माज्या ओढणीत गुंडाळला म्या." चाचीनं ओढणीचं टोक सारखं केलं. "तुजी आज्जी म्हनली, ज्येचं बारसं न्हाई त्येची मोजदाद न्हाई. नाव काडायचं न्हाई, रडायचं न्हाई, पुढच्या लेकराला बाधतंय. आक्कानं ऐकलं. तुला बाधू ने म्हणून ऐकलं, पोरी. तुज्या बापानं पुरला त्येला परसात, आन वर फांदी लावली शेवग्याची."

मी उठले आणि त्या जाळ्यांपर्यंत जाऊन आले. तेव्हापासून पस्तीस वर्षं आई त्याच शेडवर, त्या जाळ्यांकडे पाठ करून बसत होती. आणि मी मात्र त्या थांबण्याचा राग करत मोठी झाले.

शेडपासून घरापर्यंतच्या वाटेत मी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. सांगितलं तर ती डावी बाजू मरेपर्यंत सोडणार नाही, आणि ते मरणं फार लांब नसेल. नाही सांगितलं तर तिच्या मुलाचा उरलेला भाग मी तिच्या नकळत कापून नेणार. शेवटी एकाच गोष्टीनं ठरलं. त्याला शोधून काढायची रीत तिचीच होती. वाटीतलं मी तिच्यापासून लपवू शकत नव्हते.

आई परसात शेवग्याखाली बाजेवर बसली होती. मी चौदा नकाशांचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. शेजारणींचा रंग लावल्यानं कसा झाकला गेला, एकेकटा हातावर घेतल्यावर कसा दिसला, तेही. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि बसक्या आवाजात म्हणाली, "म्हंजी पस्तीस वरसं कामाला हुता म्हण की."

"हो."

"आन त्यो तुमी काडून नेला. म्हणून मला कमी वाटत हुतं." हे ती मला विचारत नव्हती. "जिता हाय का त्यो तितं, पुण्याला?"

"नाही आई. नकाशा काढताना पेशी मोडते. कागद तेवढा उरतो."

तिनं कागदाची घडी केली आणि कनवटीला खोचली. "डावीकडं असंल?"

"असेल. नसेलही. आत्ता नाही सांगता येत."

"मग डावी बाजू मी देत न्हाई."

भीती होती तेच झालं. आणि माझा तोल गेला. "तो गेलाय आई! मी आहे ना इथं? मी जिवंत आहे, मला आई पाहिजे. त्याच्यासाठी मला सोडून जाणार आहेस तू?" मी लहान मुलीसारखी हुंदके देत होते. मला त्याचा हेवा वाटत होता, हे सांगायला लाज वाटते, पण वाटत होता.

वरून एक वाळकी शेंग पडली, ती आईनं उचलून बुंध्याशी ठेवली. मग विचारलं, "गळ्यातच ऱ्हातंय व्हय गं हे?"

"नाही. काळजात सापडतं, डोक्यातही सापडलंय." आणि मग, तिला थोपवायला का आणखी कशासाठी ते मला आजही ठाऊक नाही, मी पुढचं बोलून गेले. "पाठच्या भावंडातही जातं म्हणतात. आईच्या रक्तातून, पोटात असताना. नेहमीच असं नाही. नक्की कुणालाच माहीत नाही."

आईनं मान वळवली. माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं. मग तळहाताची ती गुळगुळीत जागा माझ्या गळ्यावर टेकवली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. लहानपणापासून मी तिला असं बघताना पाहिलं होतं, पण त्या बघण्याखाली कधी आले नव्हते.

"आवंढा गिळ," ती म्हणाली.

मी गिळला.

"व्हय," आई म्हणाली आणि हात काढला. तिला काय कळलं ते मी विचारलं नाही. ती उठून घरात गेली आणि दवाखान्याची पिशवी भरायला लागली.

बुधवारी डावी बाजू काढली. गाठ बाहेर पसरलेली नव्हती, वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. या वेळी संशोधनाच्या कागदावर आईनं सही केली नाही. अनीशनं त्या चौदा टाकल्या नाहीत. त्यांची वेगळी फाईल केली आणि माझ्या सांगण्यावरून तिला नाव दिलं, वाटी.

मी रजा काढून तासगावला राहिले. आईचा आवाज थोडा परत आला. आठव्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतः जेवायचं वाढायला उठली. मी आधी दाराकडे पाहिलं. तिथं फुलपात्र नव्हतं. जीव भांड्यात पडला. संपलं एकदाचं, मला वाटलं. तिनं त्याला जाऊ दिलं.

मग मी ताटाकडे पाहिलं. माझ्या ताटाशेजारी पाण्याची दोन फुलपात्रं होती.

"पी," आई म्हणाली.

"दोन्ही?"

"एक तुजं हाय."

मी माझं प्यायले आणि खाली ठेवलं. आई जेवायची थांबली होती. मी दुसरं उचलून तोंडाला लावलं. ती माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होती.